बाई गं, केवढा हा शब्द!

'बाई आल्या!' म्हटलं की वर्ग चिडीचूप. 'बाई आली' म्हटलं, तर कुणीतरी एक बाई आली, इतकंच. शब्द एकच, मान सगळा क्रियापदात!

वय विचाराल तर शब्द चांगला सातशे वर्षांहून जुना. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची सेवा करणाऱ्या बाइसा पानोपानी भेटतात. मुक्ताबाई आणि जनाबाई त्याच शतकातल्या. राजस्थानात घरच्या लेकीला आजही लाडाने, मानाने 'बाईसा' म्हणतात. मीराबाई तिथल्याच. गोव्यात 'बाय' म्हटलं की त्यात माया आलीच.

मला या शब्दाचं सगळ्यात आवडतं ते त्याचं मोठं मन. राजमाता जिजाबाई, इंदूरच्या अहिल्याबाई, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई, मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई: नावामागे सगळ्यांना तोच प्रत्यय. मणिकर्णिका लग्नानंतर झाशीची लक्ष्मीबाई झाली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या तर नावात पुढे 'बाय' आणि मागे 'बाई'! महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई जवळच्यांच्या 'बाया'. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई, गंगूबाई ही नावं घेतली तरी कान सुरात येतात. आणि रंगभूमीवर नुसतं 'बाई' म्हटलं की विजया मेहता. आडनावाची गरजच नाही.

नात्यांतही बाई हवीच. सासूबाई, जाऊबाई, विहीणबाई. सासरच्या नात्यांना हा मान हमखास, माहेरची आई मात्र नुसती आई! मांढरदेवीची काळूबाई म्हणजे देवीलाही हीच हाक. आश्चर्य वाटलं की 'अगंबाई', आणि फारच झालं की 'बाई बाई बाई!'

शाळेतल्या बाईंच्या आता मॅडम झाल्या, टीचर झाल्या. घरकामाला येणाऱ्या बाईंना कुणी मावशी म्हणतं, कुणी ताई. हाक कोणतीही असो, पाठीमागे बोलतानासुद्धा 'बाई आल्या नाहीत' असंच म्हणावं, 'आली नाही' नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

सिनेमाने मात्र बाईला सोडलेलं नाही. २००४ साली 'अगं बाई अरेच्चा!' आला, २०२३ साली 'बाईपण भारी देवा'. दोन्हींचे दिग्दर्शक एकच, केदार शिंदे!