ताबा मुलाचा, पुरावा रोजचा

घटस्फोटानंतर मूल आईसोबत कापूरहोळला आजोळी राहत असेल, तर ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार त्याच हद्दीतल्या न्यायालयात होतो. मूल नेहमी राहतं ती जागा महत्त्वाची. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं हिंदूंसाठीचा 1956 चा पालकत्व कायदा सांगतो. तरी शेवटी पाहिलं जातं मुलाचं हित. 1970 मध्ये जिजाबाई गजरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वडील हयात असूनही लक्ष देत नव्हते म्हणून, आईला नैसर्गिक पालक मानलं. तेव्हा लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या, प्रगतिपुस्तकावरच्या सह्या जपून ठेवा. तापात उशाशी कोण बसलं, हेही विचारलं जाईल. मुलाला पढवू मात्र नका, कळकळीने सांगते. समजत्या मुलाचं मत न्यायाधीश स्वतः विचारात घेऊ शकतात.