पंखातून डोके काढणारे विमान

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ डॉल्फिन विमानाची प्रतिकृती जोडताना एक टप्पा असा येतो, की आराखडाच चुकला असावा असे वाटते. त्या काळच्या बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख पुढे आणि खालचा जरा मागे असे. इथे सगळे उलटे: खालचा पंख पुढे सरकलेला, वरचा मागे. वरच्या पंखाच्या मधोमध कापड नाहीच, नुसती पोलादी नळ्यांची उघडी चौकट. वैमानिकाची इंचभर मूर्ती आसनावर बसवली, की तिचे डोके थेट त्या चौकटीतून वर निघते.

आराखडा बरोबर असतो. १९१८ च्या उन्हाळ्यात असे डोके पंखातून वर काढून फ्रान्सच्या आभाळात फिरणाऱ्यांत मुंबईचा एक तरुण होता. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर, २३ वी स्क्वाड्रन.

त्या युद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ विमान चालवणाऱ्या हिंदी वैमानिकांची चार नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात. युद्ध सुरू झाले तेव्हा लढाऊ सैन्यात हिंदी माणसाला राजाचे कमिशन, म्हणजे अधिकारपद, मिळत नव्हते. ऑक्सफर्डला शिकलेले हरदितसिंग मलिक आधी फ्रान्समध्ये रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवत होते. त्यांच्या प्राध्यापकाने शब्द टाकला तेव्हा कुठे १९१७ मध्ये त्यांना रॉयल फ्लाइंग कोअरचे दार उघडले. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम करवून घेतले होते. बंगालच्या इंद्रलाल रॉय यांच्या नावावर दहा हवाई विजय लागले आणि २२ जुलै १९१८ रोजी ते पडले. एरॉल सेन जर्मनांचे युद्धकैदी झाले. चौथे वेलिंकर. मलिक सॉपविथ कॅमल चालवत, रॉय एसई-५ए. वेलिंकरांच्या वाट्याला मात्र या सगळ्यांत विचित्र दिसणारे यंत्र आले.

विचित्र म्हणजे किती? जून १९१७ मध्ये डॉल्फिनचा पहिला नमुना इंग्लंडहून फ्रान्समध्ये सेंट-ओमेरला पाठवला गेला, तेव्हा ब्रिटिशांच्याच विमानविरोधी तोफांनी त्याच्यावर गोळे डागले. आपल्या बाजूचे विमान असे दिसू शकते हे तोफचींना पटेना. आराखडाकार हर्बर्ट स्मिथ यांना मात्र वैमानिकाची नजर मोकळी करायची होती. शत्रू वरून, उन्हाच्या बाजूने येतो. डोक्यावर पंखाचे छप्पर असेल तर तो दिसणार कसा? म्हणून छप्परच काढून टाकले. याची किंमत वैमानिकांना लगेच कळली. उतरताना विमान उलटले, तर जमिनीला आधी वैमानिकाचे डोके लागणार.

त्याच चौकटीच्या पुढच्या आडव्या नळीवर वर रोखलेल्या दोन लुईस बंदुका असत. त्यांचा मागचा भाग वैमानिकाच्या तोंडासमोर येई. विमानाने गिरकी घेतली, की हिसक्यासरशी बंदूक चेहऱ्यावर आदळण्याची भीती. पुष्कळ वैमानिकांनी त्या काढूनच टाकल्या आणि नाकावरच्या दोन व्हिकर्स बंदुकांवर भागवले. म्हणून मॉडेल करणाऱ्याने किटच्या डबीत बंदुका चार आहेत म्हणून चारही चिकटवू नयेत. ज्या विमानाची प्रतिकृती करायची, त्याचे छायाचित्र आधी पाहावे.

पोळ्याला बाजारात मिळणारा मातीचा बैल आणि अशी प्रतिकृती यांत फरक आहे तो इथे. मातीच्या बैलाला वशिंड आणि शिंगे असली की झाले. तो कोणत्याही दावणीचा बैल असतो. प्रतिकृती एका विशिष्ट यंत्राची, एका विशिष्ट दिवसाची असते.

एकास बत्तीस

डॉल्फिनच्या पंखांचा विस्तार ९.९१ मीटर, लांबी ६.७८ मीटर. ‘एकास बत्तीस’ या प्रमाणात पंख ३१ सेंटिमीटर भरतात, लांबी २१. खानदेशातल्या शिंदखेड्यात कुठल्याही घरातल्या टीव्हीशेजारी मावेल एवढे हे प्रकरण. ‘एकास अठ्ठेचाळीस’ म्हणजे एका फुटाला पाव इंच, आणि ‘एकास बहात्तर’ म्हणजे सहा फुटांना एक इंच. हे शेवटचे माप एके काळी युद्धाच्या कामाला लागले. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून ५ लाख लाकडी मॉडेल मागवली. तोफचींना आपली आणि शत्रूची विमाने ओळखायला शिकवायचे होते. हिशेब साधा: बहात्तरपट लहान विमान ३५ फुटांवर धरले, की ते सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. सेंट-ओमेरच्या तोफचींना असा एखादा डॉल्फिन आधी दाखवला असता, तर दारूगोळा वाचला असता.

किट आणि आराखडे पार्सलने येतात. बाकीचा बराच माल शिंदखेडा-दोंडाईच्याच्या बाजारात आहे. तो वेगळ्या नावाने विकला जातो, इतकेच.

पंखांना ताण देणाऱ्या तारा घ्या. डॉल्फिनच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या दोन-दोन जोड्या आणि त्यांच्या मधून तिरप्या तारांचे जाळे. खरी तार साधारण पाव इंच धरली, तर प्रतिकृतीत ती ०.२ मिलिमीटर हवी. सीलिंग फॅनच्या वाइंडिंगची ३६ गेजची तांब्याची तार ०.१९ मिलिमीटर जाड असते. म्हणजे जी तार शोधायची, ती रिवाइंडिंगच्या दुकानात रिळावर गुंडाळलेली आहे. त्यातही खोच आहे. या ताणतारा गोल नव्हत्या. वारा कापला जावा म्हणून त्यांचा छेद मसुरीच्या डाळीसारखा चपटा असे. तेव्हा तांब्याची तार दोन सपाट पत्र्यांमध्ये धरून हलकी दाबावी लागते. ज्याला एवढे नको, त्याने तापीवर मासे धरणाऱ्यांची बारीक तंगूस वापरावी. ती गोल राहते, पण ताणलेली राहते.

बंदुकीच्या नळीसाठी मेडिकलच्या दुकानात जावे. .३०३ बंदुकीचे तोंड ७.७ मिलिमीटरचे, बत्तिसाने भागले की ०.२४. इंजेक्शनच्या २५ गेजच्या सुईचे भोक ०.२६ मिलिमीटर असते. कानशीने सुई कापून टोक घासले, की लुईसची नळी तयार.

जवस आणि कापूस

त्याहून गमतीची गोष्ट कापडाची. या विमानांच्या लाकडी सांगाड्यावर आयरिश लिनन ताणलेले असे. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. खानदेशात ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, त्याच कुळातले रोप. तिथे बियांऐवजी खोडाच्या तंतूसाठी पिकवलेले. कापड शिवून चढवले की त्यावर ‘डोप’ नावाचे वार्निश लावत. ते वाळताना आकसे आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई. डोपमधला मूळ पदार्थ सेल्युलोज, आणि त्याचा एक मोठा उगम म्हणजे कापसाच्या सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू. सरकी घरोघर ओळखीची असलेल्या मुलखात हे ऐकून कुणालाही हसू येईल.

ताणलेल्या कापडाखालून फासळ्यांच्या रेषा जेमतेम उमटतात. नवखा कारागीर इथेच चुकतो. तो पंखांवर नांगरटीसारखे वरंबे काढतो. खऱ्या पंखावरचा उठाव बत्तीस पटींनी कमी केला, की तो कागदाच्या जाडीएवढाही उरत नाही. पॉलिश पेपरने घासत राहावे, बोटाला कळेल पण डोळ्याला शंका येईल इथे थांबावे.

मग रंग. वरच्या बाजूला ‘पीसी-१०’ नावाचा रंग असे. त्यात पिवळी माती आणि काजळी. तो हिरवट होता की तपकिरी, यावर मॉडेल करणाऱ्यांचे वाद आजही मिटलेले नाहीत, आणि ते वाद पोकळ नाहीत. तेच दोन पदार्थ वेगवेगळ्या माध्यमांत घोटले तर छटा बदलते, उन्हापावसात महिनाभर उभे राहिले तर आणखी बदलते. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून ही भांडणे सुटत नाहीत. एका वाटीत पिवळी माती आणि काजळी कालवून पाहिली, तर दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत हे शिंदखेड्यातल्या ओट्यावरही समजते.

विमानाच्या पोटातही पाहण्यासारखे आहे. २०० अश्वशक्तीचे पाण्याने थंड होणारे हिस्पानो-सुईझा इंजिन. त्याचे दंतचक्र वारंवार दगा देई. पाणी थंड करणारे रेडिएटर वैमानिकाच्या मागे, धडाच्या दोन्ही कुशींना. त्यांच्याकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या आसनाच्या बाजूने नेलेल्या. डोके गोठवणाऱ्या वाऱ्यात, पण अंग उबेत! या नळ्या मॉडेलमध्ये बसवल्या, तर धड मिटल्यावर कुणाला दिसत नाहीत. जाणते कारागीर त्या तरीही बसवतात.

मूळ कुठे आहे?

सुमारे दोन हजार डॉल्फिन बांधली गेली. युद्ध संपल्यावर वर्षभराच्या आत ती ब्रिटिश सेवेतून गेली आणि एकही संपूर्ण विमान उरले नाही. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये २०१२ पासून एक डॉल्फिन उभे आहे. ते मूळ धडाचा सहा फुटी तुकडा आणि मिळतील ते जुने भाग जमवून, बाकीचे नव्याने घडवून जोडले आहे. म्हणजे संग्रहालयानेही जे केले, ती एकास एक प्रमाणातली प्रतिकृतीच.

भारताची गोष्ट याच्याशी जुळते. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानांवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. वेलिंकर पडले त्याला तोवर जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक वापिती जपलेले आहे. डॉल्फिन मात्र आपल्याकडे नाही. तापीपलीकडे शिरपूरच्या धावपट्टीवर आज वैमानिक शिकतात, एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग अभ्यासक्रमातच आहे; पण या मुलांना दाखवायला मुंबईच्या त्या वैमानिकाचे विमान हवे असेल, तर ते कुणीतरी हाताने करावे लागेल.

करताना शेवटचे काम बैठकीवरच्या नावाच्या पट्टीचे. २७ जून १९१८ रोजी वेलिंकर गस्तीवर उडाले आणि परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. जर्मनांनी त्यांना पुरले खरे, पण कबरीवर नाव लिहिले ‘वुमकर’. त्या चुकीच्या अक्षरांमागे मुंबईचा वेलिंकर आहे हे युद्ध संपल्यानंतर उलगडले. आता फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात हॅंगार्डच्या दफनभूमीत त्यांच्या दगडावर त्यांचे खरे नाव आहे. डॉल्फिन बांधणाऱ्याने तारा, नळ्या, रंग सगळे जमल्यावरही पट्टी कोरायची घाई करू नये. नाव, हुद्दा, स्क्वाड्रन आणि तारीख पुन्हा एकदा ताडून पाहावी, मगच कोरणी उचलावी.