मेमरी संपली, आता नोंद कशी करायची?

पीएचपीत काम करणाऱ्याला १३,४२,१७,७२८ हा आकडा कधी ना कधी भेटतोच. साइट चालता चालता पांढरी पडते आणि एरर लॉगमध्ये ओळ सापडते: एवढ्या बाइटची मेमरी संपली, अजून काही बाइट हवे होते. आकडा वाटतो तितका गूढ नाही. १२८ला १०२४ने दोनदा गुणलं की तोच येतो. ‘मेमरी लिमिट’ या सेटिंगमध्ये मुळात १२८ एमबी असतात, तेही अख्ख्या सर्व्हरला नव्हे, एकेका रिक्वेस्टला.

त्याच ओळीत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकही असतो, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. घागर कुठल्या थेंबाला ओसंडली एवढंच तो क्रमांक सांगतो. ती भरली कुणी, हे नाही. फोटोचंच घ्या. ६००० बाय ४००० पिक्सेलचा जेपेग डिस्कवर पाच-सात एमबीचा दिसतो. पण जीडी लायब्ररी तो उघडते तेव्हा दर पिक्सेलला चार बाइट लागतात. २ कोटी ४० लाख गुणिले चार, म्हणजे ९० एमबीच्या वर. आता तो फक्त उभा फिरवा. दुसरी तेवढीच प्रत लागते आणि मर्यादा संपते.

ही एरर ट्राय-कॅचमध्ये सापडत नाही. २०१५च्या पीएचपी ७पासून बऱ्याच फेटल एरर पकडता येऊ लागल्या, पण मेमरी संपणं त्यांत नाही. ‘सेट एरर हँडलर’चाही उपयोग नाही. उरतं ते ‘रजिस्टर शटडाउन फंक्शन’. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी पीएचपी जाता जाता तिथे नोंदवलेल्या फंक्शनला बोलावते. त्यात ‘एरर गेट लास्ट’ला विचारायचं, शेवटची एरर फेटल असेल तर लॉग लिहायचा आणि वाचकापुढे निदान एक सभ्य पान ठेवायचं. वर्डप्रेसने २०१९मध्ये ५.२ आवृत्तीत आणलेली फेटल एरर हाताळण्याची सोय याच वाटेने जाते.

गोम पुढे आहे. लॉग लिहायलाही मेमरी लागते, आणि ती तर संपलेली! डाळीच्या डब्यात अडीनडीला नोट ठेवावी तसं इथे करतात. सुरुवातीलाच ३२,७६८ बाइटची एक निरर्थक स्ट्रिंग बनवून ठेवायची आणि शटडाउन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ती ‘नल’ करायची. मोकळ्या झालेल्या जागेत नोंद होते. सिम्फनी आणि लाराव्हेल ही पीएचपीची दोन्ही फ्रेमवर्क हेच करतात. मला तरी ही युक्ती फार आवडते.

मर्यादा वाढवणं हा मात्र बहुतेक वेळा आळसाचा इलाज. मोठी फाइल एकदम वाचण्यापेक्षा ‘एफगेट्स’ने ओळीओळीने वाचा, डेटाबेसमधून सगळ्या रांगा एकाच ॲरेत भरू नका. तरीही वाढवायचीच असेल तर आधी गुणाकार करा: ५१२ एमबी आणि एका वेळी २० प्रोसेस, म्हणजे १० जीबी. तेवढी रॅम नसेल तर लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतं. तेव्हा शटडाउन फंक्शन चालतच नाही. नोंद शोधायची ती कर्नलच्या लॉगमध्ये.