स्थूलता आणि अल्पपोषण : एकाच प्रश्नाच्या दोन बाजू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. ही दोन टोके एकाच समाजात का आढळतात, याचे उत्तर काही अंशी मानवी उत्क्रांतीत सापडते.

शेतीपूर्वीच्या प्रदीर्घ काळात अन्नाची शाश्वती नव्हती. अन्न मुबलक असताना चरबी साठविणारे शरीर टंचाईत तग धरी. एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४, तर तेवढ्याच चरबीतून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणूनच साठवणीसाठी चरबी सोयीची ठरते. याच विचारातून जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मधुमेहाच्या संदर्भात ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. ती सर्वमान्य नाही. दुष्काळामुळे झालेली निवड इतकी प्रबळ असती, तर आज जवळजवळ सर्वच माणसे स्थूल झाली असती, असा आक्षेप घेतला जातो.

१९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवते. साठा घटताच त्याचे प्रमाण उतरते, भूक वाढते आणि ऊर्जेचा व्यय कमी होतो. उलट, साठा वाढल्यावर भुकेला तेवढा प्रभावी लगाम बसत नाही. वजन घटविणे अवघड का, हे यावरून उमगते. स्थूलतेचा दोष केवळ आळसाला देता येत नाही.

भारताच्या दृष्टीने गर्भावस्थेतील पोषण विशेष महत्त्वाचे आहे. गर्भात उपासमार सोसलेले शरीर टंचाईशी जुळवून घेते व पुढे विपुलतेत अडचणीत येते, असे हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये प्रतिपादन केले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली. सरासरी वजन अनुक्रमे सुमारे २.७ व ३.५ किलो होते. मात्र भारतीय बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी बव्हंशी टिकून होती.

याचा अर्थ, मातेचे अल्पपोषण आणि पुढील पिढीतील मधुमेह हे एकाच साखळीचे दुवे ठरू शकतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात जन्मतः कमी वजनाचे प्रमाण घटविण्याचे उद्दिष्ट होते. अशा खर्चाकडे केवळ कल्याणकारी खर्च म्हणून न पाहता भावी आरोग्यखर्च वाचविणारी गुंतवणूक म्हणून पाहणे आवश्यक आहे.