दातांची तार टोचते तेव्हा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. आम्ही जेवून ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात शेजारचा शेतकरी धावत आला. म्हणाला, "गुरुजी, बॅटरी घेऊन चला जरा. पोरीची तार निसटलीय. गालात रुतलीय. रडून हैराण झाली पोर."

आम्ही गेलो. मुलगी १४ वर्षांची. नववीत शिकते. तिचे दात फार पुढे आलेले होते. म्हणून तालुक्याच्या गावी तिच्या दातांना तार बसवली होती. बापाने त्यासाठी एक म्हैस विकली होती. त्या रात्री मागच्या दाढेपाशी तारेचे टोक बाहेर आले होते. गाल आतून सोलला होता. बापाने पक्कड आणली. आम्ही बॅटरी धरली. त्याने तार ओढली. तार आली, पण तिच्याबरोबर तीन टिकल्याही उपटून आल्या. एका दाताचा टवका उडाला.

वाचकहो, पक्कड त्याने चालवली हे खरे. पण उजेड आमचा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवले आणि चांगले फैलावर घेतले. मग शांतपणे सगळे समजावून सांगितले. तेच आम्ही तुम्हांला सांगतो.

आधी ही तार काय करते ते पाहू. प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी टिकली चिकटवलेली असते. डॉक्टर तिला ब्रॅकेट म्हणतात. टिकलीला मधे खाच असते. त्या खाचेतून तार जाते. तार सुटू नये म्हणून वर इवलीशी रबरी कडी बसवतात. सुरुवातीची तार बहुधा निकेल आणि टिटॅनियम या दोन धातूंची असते. ती मोठी हट्टी. ओली फांदी वाकवून सोडली की पुन्हा सरळ होते ना? तशीच ही तार. वाकड्या दातांच्या खाचांतून ती वाकवून बसवतात. मग ती सरळ व्हायला पाहते आणि दातांना हळूहळू आपल्याबरोबर ओढते. दात ज्या बाजूला सरकतो तिकडचे हाड विरते. मागे जागा राहते तिथे नवे हाड भरते. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढेच होते. म्हणून तर दीड-दोन वर्षे लागतात.

आता कळले ना, पक्कड का लावायची नाही? तार वाकली की तिची ओढ बदलते आणि दात भलतीकडे सरकतो. टिकली जोराने उपटली तर दाताचे वरचे कवच निघू शकते. ते कवच पुन्हा येत नाही.

मग टोक टोचत असेल तर करावे काय? डॉक्टरांकडे एक खास मेण मिळते. तार बसवतानाच त्याची डबी मागून घ्यावी. आधी हात धुवावेत. आरशासमोर उजेडात उभे राहावे. टोचणारी जागा स्वच्छ कापसाने कोरडी करावी. ओल्या जागी मेण धरत नाही. वाटाण्याएवढे मेण बोटांत मळून त्या टोकावर दाबून बसवावे. थोडे पोटात गेले तरी अपाय नाही. जेवताना आणि दात घासताना मात्र काढावे. तार बारीक असेल तर पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ रबराने टोक हलकेच दाताकडे दाबून पाहावे. दबले तर ठीक, नाही दबले तर सोडून द्यावे. गाल सोलला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात. बस्स, एवढेच. त्या रात्री एवढे केले असते तर पोर झोपली असती. सकाळी पहिल्या एस. टी.ने डॉक्टरांकडे जाता आले असते.

टिकली सुटली पण तारेत अडकून फिरते आहे, तर ती तशीच राहू द्यावी. टोचत असेल तर मेण लावावे. पूर्ण निघून हातात आली तर कागदात बांधून डॉक्टरांकडे न्यावी. हल्ली घरोघरी मोबाइल आहे. तोंडाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवावा. लगेच यायचे की चार दिवस थांबायचे ते डॉक्टर सांगतात.

तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात. त्याला घाबरू नये. वरणभात, मऊ खिचडी, ताकात कुस्करलेली भाकरी खावी. फारच दुखले तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितलेल्या मापाने घ्यावी.

पण काही वेळा थांबायचे नसते. टिकली किंवा तारेचा तुकडा घशात गेला आणि माणूस सारखा खोकतो, किंवा त्याला श्वास घ्यायला त्रास होतो, तर मिनिटभर न दवडता मोठा दवाखाना गाठावा. १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. तोंड सुजले, ताप आला, रक्त थांबत नाही, खेळताना तोंडावर मार बसून दात हलू लागला, तरीही लगेच जावे. तुकडा पोटात गेला आणि काही त्रास नाही, तर तो बहुधा शौचावाटे पडून जातो. तरी डॉक्टरांना कळवावेच.

आता रोजची निगा. ऊस दाताने सोलायचा नाही. चिक्की, फुटाणे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, सुपारी यांनी टिकल्या निघतात. पेरू आवडत असेल तर पातळ फोडी करून खावा. आणि खाल्ल्यावर प्रत्येक वेळी दात घासावे. तारेभोवती अन्न अडकते. ते राहिले तर टिकलीच्या कडेने दात पांढरट पडून किडू लागतो. दोन वर्षांनी तार निघते, दात सरळ दिसतात, पण त्यांवर ते डाग तसेच राहतात. ब्रश तारेच्या वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूनेही फिरवावा. तारेच्या आत शिरेल असा बारीक ब्रशही मिळतो.

येथे एक सांगितलेच पाहिजे. मुलीच्या हिरड्या सुजल्या तेव्हा तिची आजी म्हणाली, "मिश्री लाव गं, हिरड्या आवळतात." म्हातारी प्रेमाने बोलली. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने व्यसन लागते आणि तोंडाचा कर्करोगही होतो. हिरड्या सुजल्या होत्या त्या अडकलेल्या घाणीने. आठ दिवस नीट ब्रश केला आणि सूज उतरली.

शहरातले काही लोक तारेऐवजी पारदर्शक साचे वापरतात. त्यांना अलाइनर म्हणतात. हे साचे दिवसाकाठी २० ते २२ तास घालावे लागतात. जेवताना आणि चहा पिताना काढायचे. थंड पाण्याने धुवायचे, गरम पाण्याने त्यांचा आकार बिघडतो. काढले की डबीतच ठेवावे. रुमालात गुंडाळले की हरवलेच म्हणून समजा. हरवला तर आधीचा साचा घालून डॉक्टरांना विचारावे. म्हणून जुना साचा टाकून देऊ नये.

खर्चाचे म्हणाल तर खासगी दवाखान्यात तो मोठा असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे कमी खर्चात काम होते, पण हेलपाटे पडतात. डॉक्टर साधारण चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. सुगी आहे, लग्नसराई आहे, म्हणून फेरी चुकवू नये. आपण घरी बसलो तरी तार आपले काम करीतच असते. तिच्यावर डॉक्टरांची नजर हवी.

आमच्या शेजारणीच्या पोरीचे काय झाले म्हणाल, तर टिकल्या पुन्हा चिकटवल्या. दाताचा टवका दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरला. मुदत मात्र चार महिन्यांनी वाढली. तार निघाल्यावर तिला रिटेनर नावाची पट्टी घालावी लागणार आहे, कारण दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतात. बापाने विचारले, "किती दिवस घालायची?" डॉक्टर म्हणाले, "आधी दिवसरात्र, आणि नंतर कितीतरी वर्षे रात्री झोपताना."