कोळशासारखी काळी माटिल्ड

चुलीवरच्या पातेल्याची काजळी आपण रोज राखेनं घासतो. आज आम्ही तशाच काळ्या रंगाच्या एका दगडाची गोष्ट सांगणार आहोत. हा दगड लांबीला सुमारे ६६ किलोमीटर आहे, म्हणजे एस.टी.चा दीड-दोन तासांचा रस्ता! आणि तो आकाशात फिरतोय.

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये लाखो लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. ग्रह घडले तेव्हा उरलेला हा माल, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या २५३ नंबरच्या लघुग्रहाचं नाव माटिल्ड. व्हिएन्ना शहरात योहान पालिसा यांनी १२ नोव्हेंबर १८८५ रोजी तो दुर्बिणीतून शोधला. पॅरिसच्या वेधशाळेतले मोठे खगोलशास्त्रज्ञ मोरिस लोवी यांच्या पत्नीचं हे नाव, असं मानतात. नोंदीत बाईंची ओळख तेवढीच, अमक्यांची पत्नी. आपल्याकडच्या सातबाऱ्याची आठवण झाली ना? म्हणून आम्ही या लघुग्रहाला ‘ती’च म्हणणार.

ती काळी का? तिच्या मातीत कार्बन मिसळलेला आहे. खरा कोळसा नव्हे हं, कोळसा झाडांपासून होतो आणि तिथं झाड कुठलं? पण तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी जेमतेम चार भाग परत येतात. अशी काळी वस्तू काळ्या आभाळात लांबून काय दिसणार! म्हणून शंभरावर वर्षं ती दुर्बिणीत नुसता एक ठिपकाच राहिली.

२७ जून १९९७ रोजी अमेरिकेचं ‘निअर’ नावाचं यान दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे जाताना तिच्याजवळून गेलं. जवळून म्हणजे १२०० किलोमीटरवरून, आणि सेकंदाला जवळजवळ १० किलोमीटर वेगानं. तेवढ्यात फोटो काढले. त्यात दिसलं की तिच्या अंगावर प्रचंड खड्डे आहेत. बुलढाण्यातलं लोणार सरोवर आपल्यापैकी काहीजणींनी पाहिलं असेल. तोही आकाशातून आलेल्या दगडानं पडलेला खड्डा, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. माटिल्डवरचा सगळ्यात मोठा खड्डा ३३ किलोमीटर रुंद आहे. एवढा घाव एवढ्याशा अंगावर बसला, तर तिचे तुकडे व्हायला हवे होते. आणि असे मोठे घाव एक नाही, चार-पाच!

मग ती टिकली कशी? त्यासाठी तिचं वजन काढावं लागलं. आता तराजूत कोण घालणार? पण जवळून जाताना तिच्या ओढीनं यानाची वाट किंचित बदलली. यानाकडून येणाऱ्या रेडिओलहरींत तो बदल पकडता आला. आपला हा कार्यक्रम तुमच्यापर्यंत येतो तोही रेडिओलहरींवरच! त्यावरून हिशेब निघाला की ती पाण्यापेक्षा फक्त १.३ पट जड आहे. पृथ्वीवर पडलेले याच जातीचे दगड दुपटीपेक्षा जड असतात. म्हणजे ती आतून जवळजवळ निम्मी पोकळ आहे. एकच मोठी पोकळी नव्हे, तर खडीच्या ढिगात असतात तशा फटीच फटी.

दगडी पाट्यावर घण घातला तर पाटा दुभंगतो. तोच घण कोंड्याच्या पोत्यावर घाला. पोतं दबेल, खड्डा पडेल, पण फुटणार नाही. शेजारचा कोंडाही फारसा उडणार नाही. माटिल्डचं तसंच झालं असावं. म्हणूनच एका खड्ड्याशेजारचा दुसरा खड्डा मातीनं बुजलेला नाही. उद्या अशा जातीचा दगड पृथ्वीच्या वाटेवर आला आणि त्याला धक्का देऊन बाजूला सारायचं ठरलं, तर तो टणक आहे की भुसभुशीत, हे आधी कळायला हवं.

तिच्या खड्ड्यांना जगभरातल्या कोळसाखाणींच्या भागांची नावं दिली आहेत. त्यात एक नाव आपल्या देशातलं आहे, दामोदर.

ती स्वतःभोवती फार सावकाश फिरते, एका फेरीला १७ दिवसांहून जास्त. यान तर काही मिनिटांतच पुढं निघून गेलं. त्यामुळे तिची अंधारातली बाजू पाहायची राहिली, आणि त्यानंतर तिच्याकडे दुसरं यान गेलेलं नाही.