'दिल्ली'ची तोफ ऑकलंडच्या दारात

सातारा आणि सांगली हे फौजेचे जिल्हे. साताऱ्याजवळच्या एका गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे. तरीही आरमाराशी नाते जुने आहे. 1713 मध्ये कान्होजी आंग्र्यांना सरखेलपदाची, म्हणजे आरमारप्रमुखपदाची मान्यता दिली ती साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी. म्हणून स्वतंत्र भारताच्या पहिल्या क्रूझरची, 'आयएनएस दिल्ली'ची ओळख आपल्या घाटमाथ्यालाही असायला हवी.

'दिल्ली' ही 'लाइट क्रूझर'. यातला 'लाइट' हा शब्द फसवा आहे. 1930 च्या लंडन नौदल कराराने क्रूझरचा वर्ग वजनावर नव्हे, तोफेच्या तोंडावर ठरवला. तोफेचा व्यास 6.1 इंच किंवा त्याहून कमी असेल, तर ती हलकी. ही नौका इंग्लंडमधील बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधली गेली. सप्टेंबर 1932 मध्ये ती पाण्यात उतरली, 1933 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तेव्हा तिचे नाव होते 'अकिलीस'. लांबी सुमारे 169 मीटर, वजन सात हजार टन. चार बुरुजांत दोन-दोन, अशा आठ 6 इंची तोफा. गोळा साधारण 50 किलोचा, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढा. सहा बॉयलर, चार टर्बाइन, 72 हजार अश्वशक्ती आणि 32 नॉटहून अधिक वेग. सगळ्या बॉयलरांचा धूर एकाच रुंद धुराड्यातून निघे. लांबून ती त्यावरूनच ओळखू येई.

वेग आणि लांबचा पल्ला हवा, तर चिलखताचे वजन कमी करावे लागते. तोफांच्या बुरुजांवर जेमतेम इंचभर पोलाद होते. त्याची किंमत 13 डिसेंबर 1939 रोजी कळली. दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'एक्झेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझरांनी 11 इंची तोफांच्या 'ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेला गाठले. एक गोळा 'अकिलीस'शेजारी पाण्यात फुटला. त्याच्या कपच्या तोफांचा नेम धरणाऱ्या मनोऱ्यात घुसल्या आणि चार नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन एडवर्ड पॅरी यांच्या पायाला जखम झाली. तरी मारा चालू राहिला. त्या सकाळी या एका नौकेने हजाराहून अधिक गोळे डागले. चार दिवसांनी 'ग्राफ स्पे' तिच्याच कप्तानाने बुडवली. 'अकिलीस'वरचे निम्म्याहून अधिक नौसैनिक न्यूझीलंडचे होते, म्हणून त्या देशाला ती आजही आपली वाटते. जानेवारी 1943 मध्ये ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्बने तिचा एक बुरूज निकामी केला. तो पुढे काढून टाकला आणि तोफा सहा उरल्या.

5 जुलै 1948 रोजी ती भारताची 'दिल्ली' झाली. पुढच्याच महिन्यात भारतीय नौदलाची सूत्रे हाती घेतली ती त्याच पॅरी यांनी. 1950 मध्ये पंडित नेहरू याच नौकेतून इंडोनेशियाला गेले. 1957 मध्ये जोडीला नऊ 6 इंची तोफांची 'म्हैसूर' आली.

1961 च्या जूनमध्ये सातारला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात या दोन्ही क्रूझर गोवामुक्तीच्या मोहिमेत उतरल्या. 'दिल्ली'ने दीवला लष्कराच्या मदतीसाठी तोफा डागल्या. 'म्हैसूर' कारवारजवळच्या अंजदीव बेटासमोर होती. त्या बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक धारातीर्थी पडले. 1971 च्या युद्धात पश्चिम ताफ्याचे निशाण 'म्हैसूर'वर होते.

पण माझ्या मते 'दिल्ली'चे सर्वांत मोठे काम तोफांचे नाही, शाळेचे आहे. बॉयलर कसा पेटवायचा, वादळात पहारा कसा द्यायचा, शेकडो माणसांनी एका लोखंडी गावात शिस्तीने कसे राहायचे, हे भारतीय नौसैनिकांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. उत्तरायुष्यात तर ती कॅडेटांच्या प्रशिक्षणाचीच नौका होती.

30 जून 1978 रोजी ती निवृत्त झाली आणि मग भंगारात गेली. तिच्या तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दाराशी तो आज जपून ठेवलेला आहे.

नौका आता परत येणार नाही. तिच्यावर राबलेली माणसे मात्र अजून आहेत. ऐन विशीत 'दिल्ली'वर चढलेला तरुण आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. तुमच्या गावात, भावकीत असे कोणी निवृत्त नौसैनिक असतील, तर वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसा. ते सांगतील ते तारीखवार लिहून घ्या, जुने फोटो असतील तर मागे नावे लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.